‘आई, सरांच्या तोंडाला वास येतो’

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याचे वर्गशिक्षक त्याला फार आवडतात, मलाही. तो बोलताना अडखळायचा तेव्हा याच सरांनी रोज मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून मोठ्यानं वाचायला लावलं आणि त्याची भीड मोडली. पण गेल्या तीन महिन्यांत काहीतरी बिनसलंय. मुलगा एकदा सहज म्हणाला, ‘आई, सरांच्या तोंडाला औषधासारखा वास येतो.’ मग पालकसभेत, सकाळी साडेआठला, तो वास मलाच आला. माझे वडील प्यायचे, त्यामुळे तो वास मी कुठेही ओळखीन. सर वर्गात डुलक्या घेतात, वह्या आठवडे आठवडे तपासून मिळत नाहीत, फळ्यावर लिहिताना त्यांचा हात थरथरतो. टेबलावर डोकं टेकून झोपलेल्या सरांचा व्हिडिओ कुणीतरी पालकांच्या ग्रुपवर टाकलाय. काहीजण म्हणतात, सह्या गोळा करून त्यांना काढायलाच लावू. काहीजण म्हणतात, घरी जाऊन ‘उद्यापासून सोडा, नाहीतर तक्रार करू’ असा शब्द घेऊ. मला दोन्ही पटत नाही. दोन आठवड्यांनी मुलांची तलावाकाठी सहल आहे आणि सोबत सर असणार आहेत. गप्प बसले तर मुलांशी बेइमानी, बोलले तर सरांशी. काय करू?
– एक आई

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी दोनदा थांबले. ‘तो वास मी कुठेही ओळखीन.’ ज्या घरात कुणी पितं, त्या घरातली मुलं जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून ओळखतात की आजची रात्र कशी जाणार. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही आणि मोठेपणी विसरताही येत नाही. त्यामुळे तुम्हाला वास आला यावर माझा विश्वास आहे. पण त्या वासाबरोबर तुमच्या मनात एक जुनी भीतीही जागी झाली असणार, आणि भीतीला निष्कर्ष काढायची फार घाई असते. म्हणून आधी एवढंच करू या: तुम्ही काय पाहिलंत ते एका बाजूला ठेवू आणि त्यावरून काय ठरवलंत ते दुसऱ्या बाजूला.

पाहिलंत ते असं: वास, डुलक्या, कापणारा हात, साचलेल्या वह्या. ठरवलंत ते एवढंच: सर दारू पितात.

तुमचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता मी नाकारत नाही. इतक्या खुणा तीन महिन्यांत एकत्र दिसल्या तर कुणाच्याही मनात तेच येईल. पण यातली प्रत्येक खूण दुसऱ्या वाटेनंही येऊ शकते. मधुमेह नियंत्रणात नसला की रक्तात कीटोन वाढतात आणि श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. त्याला लोक सर्रास दारूचा वास समजतात. रक्तातली साखर एकदम उतरली तर माणूस घामाघूम होतो, जीभ जड होते, बोलणं असंबद्ध होतं, पाय लटपटतात. पाहणाऱ्याला वाटतं, प्यायलाय. थायरॉइड वाढलेलं असलं तरी हात कापतात, आणि काही माणसांच्या हाताला घराण्यातूनच आलेला कंप असतो. रात्री झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असलेला माणूस दिवसा बसल्या जागी झोपतो. गुळण्या करायच्या कित्येक औषधांत आणि हात स्वच्छ करायच्या द्रवात अल्कोहोल असतंच. नैराश्यावरच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनीही माणूस सुस्तावतो.

हे सगळं सांगण्यामागे तुम्हाला गप्प बसवायचा हेतू नाही, उलटच आहे. समजा, सर पीत नाहीत आणि वर्गात त्यांची साखर उतरतेय. मग तर त्यांना आजच डॉक्टरांकडे जायला हवं, आणि चाळीस मुलं एकट्या त्यांच्या भरवशावर असणं तितकंच धोक्याचं आहे. म्हणजे कारण कोणतंही असो, तुमच्या हातातलं काम बदलत नाही. सर पितात हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची नाही. वर्गात काय घडलं हे योग्य माणसाच्या कानावर घालण्याची जबाबदारी मात्र तुमची आहे. तुमच्या मनातली ‘मुलं की सर’ ही ओढाताण यातूनच आली आहे असं मला वाटतं. निवाडा देणं आणि दिसलेलं सांगणं, या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्यात.

सकाळच्या वासाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे बऱ्याच पालकांची गल्लत होते. ‘सकाळी साडेआठला वास म्हणजे उठल्या उठल्या घेतली’ असंच नसतं. शरीर दारू संथपणे उतरवतं, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल, आणि काळी कॉफी प्यायल्यानं किंवा गार पाण्यानं अंघोळ केल्यानं त्याचा वेग वाढत नाही. ४० टक्के अल्कोहोलच्या २५० मिलिलिटर दारूत सुमारे ८० ग्रॅम अल्कोहोल असतं. तेवढी रात्री बारापर्यंत घेतली, तर सकाळी आठलाही रक्तात थोडी शिल्लक असू शकते. माणूस झोपून उठलेला असतो, अंघोळ करून आलेला असतो, आपण शुद्धीत आहोत असं त्याला मनापासून वाटत असतं. ‘मी कामावर कधीच पीत नाही’ हे त्याचं वाक्य खरंही असतं.

हाताच्या कंपाची गोष्ट याच्या उलट. रोज खूप पिणाऱ्याच्या शरीराला दारूची इतकी सवय होते की ती उतरू लागली की त्रास सुरू होतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात कापतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. म्हणजे फळ्यावर कापणारा हात हा प्यायल्याचा नव्हे, न प्यायल्याचा परिणाम असू शकतो.

यासाठीच तुमच्या ग्रुपातला दुसरा प्रस्ताव, घरी जाऊन शब्द घेण्याचा, मला पहिल्यापेक्षाही जास्त काळजीचा वाटतो. तो मांडणाऱ्यांच्या मनात माया आहे, सरांची नोकरी वाचावी अशी इच्छा आहे, हे मला कळतं. पण शरीर दारूवर अवलंबून झालेल्या माणसानं धमकीपोटी एका रात्रीत ती बंद केली, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, भान हरपू शकतं. उपचार मिळाले नाहीत तर हे जिवावर बेततं. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधारानं. दिवाणखान्यात जमलेल्या पाच पालकांना ते जमणारं नाही. शिवाय शब्द घेतल्यावर तुम्ही सगळे त्या गुपितात वाटेकरी होता. उद्या वर्गात काही झालं तर ‘आम्हाला ठाऊक होतं’ हे तुम्हाला सांगावं लागेल.

सह्यांचा प्रस्ताव वेगळ्या कारणानं चुकीचा आहे. चाळीस सह्यांपैकी स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलेले किती असतील? बाकीच्यांनी व्हिडिओ पाहिला, तोही बहुधा अर्ध्या मिनिटाचा. आणि मागणी काय, तर ‘काढून टाका’. तपासाच्या आधीच शिक्षा मागितली की शाळेलाही तपास करायचं कारण उरत नाही. एक तर ती घाबरून माणसाला घालवते, नाहीतर चिडून त्याला पाठीशी घालते.

तो व्हिडिओ तुम्ही पुढे पाठवू नका. ज्यांनी टाकला त्यांना एकट्याला फोन करून काढायला सांगा, ग्रुपवर वाद घालू नका. त्यात मागच्या बाकांवरची मुलं दिसत असतील, तर ती कुणाची तरी लेकरं आहेत. सरांनाही घर असेल. पुरावा म्हणून तो द्यायचाच असेल तर मुख्याध्यापकांना दाखवावा, दुसऱ्या कुणालाही नाही.

आता करायचं काय ते सांगते.

आज रात्री एक वही घ्या आणि आठवेल ते तारखेसह लिहून काढा. वाक्यं साधी ठेवा. ‘सर पिऊन आले होते’ असं लिहू नका. ‘पालकसभेत सकाळी साडेआठच्या सुमारास सर माझ्यापासून दोन फुटांवर होते, मला दारूसारखा वास आला, बोलताना ते दोनदा शब्द विसरले’ असं लिहा. तुम्ही पाहिलेलं एका पानावर, मुलानं सांगितलेलं दुसऱ्या पानावर, आणि ‘अमक्याच्या आईनं सांगितलं’ असं जे असेल ते लिहूच नका. ते त्यांना स्वतः सांगू द्या. वह्या किती आठवडे परत आल्या नाहीत हेही लिहा. ते किरकोळ वाटेल, पण त्याची खातरजमा सगळ्यात सहज करता येते आणि त्याबद्दल वाद होत नाही.

मग मुख्याध्यापकांची वेळ मागा. स्वतः काही पाहिलेले एक-दोन पालक सोबत असतील तर उत्तम, मोर्चा नको. बोलायला सुरुवात कशी करावी याची भीती वाटत असेल, तर अशी करा: ‘सरांनी माझ्या मुलासाठी खूप केलंय. गेले तीन महिने त्यांची प्रकृती ठीक दिसत नाही, आणि वर्गात मुलं सुरक्षित आहेत का याची मला काळजी वाटते. मी काय पाहिलं ते सांगते.’ यातला प्रत्येक शब्द खरा आहे. सरांसमोर उभं राहूनही तुम्ही तो उच्चारू शकाल, आणि तक्रार योग्य आहे की नाही हे ओळखायला मी हीच कसोटी लावते. ‘दारू’ हा शब्द टाळायची गरज नाही. ‘मला दारूसारखा वास आला’ हे तुमचं निरीक्षण आहे. ‘ते दारुडे आहेत’ हे निदान झालं, आणि ते तुमच्या अधिकारातलं नाही.

खरं तर निदानही हो-नाही इतकं सरळ नसतं. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत दारूच्या विकाराची ११ लक्षणं दिली आहेत. वर्षभरात त्यातली दोन-तीन दिसली तर विकार सौम्य, चार-पाच दिसली तर मध्यम, सहा किंवा जास्त दिसली तर तीव्र. जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची चाचणीही आहे, पण त्या प्रश्नांची उत्तरं ज्याची त्यानंच द्यायची असतात. पालकांनी बाहेरून गुण देण्यासाठी ती बनवलेली नाही. ‘दारुडा’ या एका शब्दात आपण या साऱ्या पायऱ्या पुसून टाकतो, आणि सौम्य पायरीवर असलेल्या, लवकर बरं होऊ शकणाऱ्या माणसालाही लाजेनं लपायला लावतो.

भेटीत मागायचं काय, हे आधी ठरवून जा. सरांच्या तपासणीचा अहवाल मागू नका; तो तुम्हाला मिळणार नाही आणि मिळूही नये. मागा ते मुलांपुरतं: चौकशी होईपर्यंत वर्गावर दुसऱ्या शिक्षकांचं लक्ष कसं राहील, सहलीला पाण्याजवळ कोण उभं असेल, आणि तुम्हाला उत्तर कधीपर्यंत मिळेल. घरी आल्यावर या भेटीचा चार ओळींचा गोषवारा त्यांना लेखी पाठवा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. ठरलेल्या दिवशी उत्तर आलं नाही तर एकदा आठवण द्या, आणि तरीही काही हललं नाही तर हेच कागद घेऊन शाळेच्या व्यवस्थापनाकडे आणि मग शिक्षण खात्याकडे जा. पायऱ्या ओलांडू नका, पण एखाद्या पायरीवर महिनाभर बसूनही राहू नका.

सहलीला मात्र महिनाभर थांबता येणार नाही. पाण्याच्या काठावर मुलाचं नाक-तोंड बुडायला क्षण पुरतो आणि बहुतेक वेळा आवाजही होत नाही. त्यामुळे किती मुलांमागे किती मोठी माणसं असतील, त्यातलं पोहता कुणाला येतं, सगळी जबाबदारी एकाच माणसावर आहे का, हे प्रश्न सर ठणठणीत असते तरी विचारायलाच हवे होते. समाधानकारक उत्तर आलं नाही, तर मुलाला पाठवू नका. तो रडेल. रडू द्या.

मधल्या काळात एखाद्या दिवशी सर खरंच झोकांड्या देताना दिसले, तर वही, वेळ मागणं वगैरे काही नाही, तडक कार्यालयात जा. ‘सरांना बरं वाटत नाहीये, वर्गावर आत्ता कुणीतरी हवं’ एवढंच म्हणा. मुलांसमोर त्यांना जाब विचारू नका. ते स्वतःची गाडी चालवत घरी निघाले असतील तर कुणाला तरी सोबत घेऊन त्यांना थांबवा. आणि ते हाकेला ओ देत नसतील, तर प्यायलेत असं धरून झोपू देऊ नका, रुग्णवाहिका बोलवा.

स्वतः सरांशी बोलावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते तुमच्या मनात असणार. ‘सर, तुमची तब्येत बरी दिसत नाही, काळजी वाटते’ एवढं जरूर बोला, जमलं तर एकांतात. माणूस म्हणून ते त्यांचं देणं आहे. त्यापुढे जाऊ नका. तुमचं मूल त्यांच्या हाती आहे आणि त्यांची नोकरी तुमच्या तोंडी, अशा नात्यात मोकळं बोलणं होत नाही. ते नाकारतील. नाकारणं हा खोटेपणाच असतो असं नाही. बऱ्याचदा ती भीती असते. उपचाराचा विषय त्यांच्या घरच्यांनी, एखाद्या जुन्या सहकाऱ्यानं किंवा डॉक्टरांनी काढावा. तो काढायला अनेकदा निमित्त लागतं, आणि शाळेनं शांतपणे केलेली विचारणा तसं निमित्त ठरू शकते. तुम्ही बोललात म्हणजे सरांशी बेइमानी केलीत, हे मला म्हणूनच मान्य नाही. या आजारावर औषधं आहेत, समुपदेशन आहे, १९३५ पासून चालत आलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत. पण सगळे आजूबाजूला डोळे मिटून बसले, तर माणूस तिथवर पोहोचत नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते त्याच्याविषयी.

त्याला हेर बनवू नका. ‘आज वास आला का? आज झोपले का?’ हे रोज विचारलंत तर चार दिवसांत तो तुम्हाला हवं ते सांगू लागेल, आणि ज्यांच्यामुळे त्याला बोलता आलं त्यांच्यावरच पाळत ठेवल्याचा सल त्याला राहील. एकदाच म्हणा, ‘तू मला सांगितलंस ते बरं केलंस. आता ते मोठ्या माणसांनी बघायचं.’ त्यानं विचारलं, ‘सर दारू पितात?’ तर खरं तेच सांगा: ‘मला माहीत नाही. त्यांना बरं नाही असं वाटतंय.’ सर कधी पडले किंवा उठवून उठले नाहीत, तर शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलवायचं, एवढं मात्र त्याला नीट समजावून ठेवा.

आणि सर उद्या रजेवर गेले तर त्याच दिवशी त्याच्याजवळ बसा. तो विचारणार नाही, पण त्याच्या डोक्यात गणित मांडलेलं असेल: मी आईला सांगितलं, आई शाळेत गेली, सर गेले. नऊ वर्षांच्या मुलाला एवढं गणित येतं. त्याला स्पष्ट सांगा की सर तुझ्यामुळे गेले नाहीत, त्यांना आराम हवा होता, आणि शाळेत जायचं हे आईनं ठरवलं, तू नाही.

हे तुम्ही त्याला नीट सांगू शकाल, कारण असंच कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं. वडिलांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या सभा १९५१ पासून अनेक देशांत चालतात. तिथे वडील हयात असावे लागत नाहीत की अजून पीत असावे लागत नाहीत. सभा नको वाटली तर एखाद्या समुपदेशकाशी बोला. मुख्याध्यापकांच्या भेटीआधी एका जिवलग माणसाशी तरी बोलून घ्याच, म्हणजे त्या खोलीत तुम्ही वडिलांची मुलगी म्हणून रडणार नाही, मुलाची आई म्हणून बोलाल.

सर रजेवर असताना मुलाला त्यांना पत्र लिहावंसं वाटलं, तर लिहू द्या. काय लिहायचं ते सांगू नका, शुद्धलेखनही तपासू नका. पाकीट बंद करून शाळेत द्या, ते त्यांच्यापर्यंत पोहोचवतील.